भुकेची घडी

मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातली मालदांडी फेब्रुवारी-मार्चात निघते. कणसं खुडली, कडब्याच्या गंजी लागल्या की पावसापर्यंत त्या जमिनीकडं कुणी फारसं बघत नाही. मग ती उलायला लागते. आधी बोट जाईल एवढी भेग पडते, मग पंजा जाईल एवढी, आणि मेच्या मध्यावर कोपरापर्यंत हात घातला तरी तळ लागत नाही. विंचवाच्या भीतीनं लहानपणी आम्हाला हात घालू देत नसत, म्हणूनच आम्ही घालायचो. वर ऊन चटके देत असताना आत बोटांच्या टोकांना जरा निवलेली माती लागायची आणि हात बाहेर काढला की नखांत काळी भुकटी अडकलेली असायची.

नखात मावेल तेवढ्या मातीतही जिवाणू लाखांनी असतात. ग्रॅमभर घेतली तर कोटींनी. पीक निघालेलं, मुळं वाळलेली, ओल खोल गेलेली. अशा मातीत ते इतके सगळे काय करत असतील? खरं उत्तर अगदी साधं आहे. त्यातले बहुतेक उपाशी असतात.

कॉलेजात जिवाणूंशी आपली ओळख होते ती भरल्या ताटावर. मांसाचा अर्क, पेप्टोन, साखर, चवीपुरतं मीठ, ३७ अंशांची ऊब. ई. कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होतो, हे वाक्य आम्ही बी.एस्सी.ला पाठ केलं होतं आणि पेपरात लिहून गुणही मिळवले होते. पण असा दुप्पट होत राहिला तर दोनच दिवसांत त्याची प्रजा पृथ्वीपेक्षा जड होईल, हे गणित कुणी फळ्यावर मांडलं नाही. ते तसं होत नाही, कारण त्याला खायला मिळत नाही. भूक ही जिवाणूंवर कधीतरी कोसळणारी आपत्ती नाही. त्यांचा नेहमीचा काळ तोच. सुकाळ मधेच येतो, थोडा टिकतो, संपतो. सूक्ष्मजीवशास्त्रानं मात्र कितीतरी वर्षं सुकाळातल्याच जिवाणूंचा अभ्यास केला, कारण बशीत वाढवायला आणि मोजायला तेच सोयीचे.

माणसांच्या बाबतीत सोलापूरला ही गोष्ट लवकर कळली होती. इथं १९३३ साली कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं. एन. व्ही. कानिटकरांसारख्या माणसांनी तिथं प्रश्नच उलटा धरला: पाऊस भरपूर असता तर काय पिकलं असतं हे सोडा, तो नसताना काय तगेल ते बघा. बांध घाला, खोल नांगरा, बी कमी टाका, ओळी लांब ठेवा. जिवाणूंच्या बाबतीत हाच उलटा प्रश्न नीट विचारला जायला पुढं अर्धशतक जावं लागलं.

उपाशी जिवाणूपुढची अडचण अशी. ई. कोलायच्या पेशीची लांबी साधारण दोन मायक्रोमीटर, आणि तिच्यातला डीएनएचा धागा ताणून सरळ केला तर दीड मिलिमीटर भरेल, म्हणजे पेशीच्या सातशे-आठशे पट. सुमारे ४६ लाख अक्षरजोड्यांचा हा धागा पेशीच्या मध्यभागी गुंडाळून पडलेला असतो, त्याच्याभोवती पडदा नाही की भिंत नाही. पोट भरलेलं असतं तेव्हा हे चालून जातं. धागा तुटला, एखादं अक्षर जळलं, तर दुरुस्ती करणारी विकरं धावतात आणि काम भागतं. पण दुरुस्तीला ऊर्जा लागते, आणि उपाशी पेशीकडं तीच नसते. मोडतोड मात्र थांबत नाही. पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड थोडंथोडं तयार होतच असतं, लोहाचे सुटे अणूही असतात, आणि ही दोन एकत्र आली की जो हायड्रॉक्सिल नावाचा खवळलेला तुकडा जन्मतो तो समोर येईल त्याला जाळत सुटतो. समोर डीएनए असला तर डीएनएला. कमाई बंद, खर्च चालू, आणि घरातली एकमेव पोथी उघड्यावर.

१९९२ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये रॉबर्टो कोल्टर यांच्या प्रयोगशाळेत मार्ता अल्मिरॉन आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायला तीन दिवस उपाशी ठेवून आत काय उरतं ते पाहिलं. सगळं बंद पडत आलेलं असताना एक छोटं प्रथिन मात्र भरमसाट साचलेलं दिसलं. ते डीएनएला घट्ट चिकटत होतं, आणि ते चिकटलं की डीएनए कापणाऱ्या विकरांचं काही चालत नव्हतं. हे प्रथिन बनवू न शकणारे जिवाणू उपासानंतर पेरॉक्साइडपुढं टिकाव धरत नव्हते. त्याला नाव पडलं डीपीएस. उपाशी पेशींतलं डीएनएला बांधणारं प्रथिन, एवढाच त्या आद्याक्षरांचा अर्थ. पुढं जपानमध्ये अकिरा इशिहामांच्या गटानं मोजदाद केली. वाढीच्या काळात एका पेशीत याचे सुमारे ६,००० रेणू असतात, उपासमार लांबली की सुमारे १,८०,०००. शिधा संपत आलेल्या घरानं शेवटचं सगळं पीठ एकाच पदार्थाला लावावं, तसला हा हिशेब वाटतो. आणि तो पदार्थ खाण्याचाही नाही.

मग १९९९ साल. इस्रायलच्या वाइझमान संस्थेत शेरॉन वुल्फ, अब्राहम मिन्स्की आणि त्यांच्या सोबत्यांनी, कोल्टरही त्यांत होते, उपाशी ई. कोलायचे पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरले. ही चित्रं मी बऱ्याच उशिरा पाहिली, पण पाहिल्यावर पान उलटवेना. खात्यापित्या पेशीच्या चित्रात कडेकडेनं रायबोसोमांचा दाणेदार काळा चुरा असतो आणि मधोमध डीएनएचा फिकट, बिनकाठाचा डाग. तो कुठं सुरू होतो नि कुठं संपतो हे सांगता येत नाही. उपाशी पेशीत त्या डागाच्या जागी रेघा होत्या. एकमेकींना समांतर, सारख्या अंतरावरच्या, वहीच्या पानासारख्या कोऱ्या करकरीत रेघा. डीपीएसचे गोल रेणू थरांवर थर लावून बसले होते आणि डीएनए त्यांच्यामध्ये अडकून, झाकून गेला होता. जिवंत पेशीच्या पोटात स्फटिक तयार झाला होता.

सोलापूरच्या माणसाला इथं चादर आठवणारच. आमच्या पूर्वभागात गल्लीबोळातून यंत्रमागांची खडखड आणि तेलुगू बोलणं एकदमच ऐकू येतं. पद्मशाली घरांतली मुलं चालायला शिकतात ती ताण्याच्या सुतांखालून. थरांवर थर, मधून गेलेला धागा, जेकार्डच्या छिद्रांच्या पट्ट्यांतून कापडावर उतरणारी नक्षी, अशी उपमा अगदी हाताशी तयार असते. पण ती दिली तर खरी गंमतच हातची जाते. चादरीतली प्रत्येक ओळ कुणीतरी घातलेली असते. धोटा इकडून तिकडं जातो तो विजेच्या जोरावर, विणकराच्या नजरेखाली. वीज गेली की धोटा वाटेत थांबतो, सूत सैल पडतं आणि अर्धवट कापड तसंच मागावर राहतं. तिथली शिस्त ऊर्जेनं येते आणि ऊर्जेबरोबर जाते. जिवाणूचं नेमकं उलटं आहे. त्याच्याकडची वीज जाते तेव्हा ती रांग लागायला सुरुवात होते. एकदा प्रथिन पुरेसं साचलं, पेशीतल्या मॅग्नेशियमसारख्या क्षारांचं प्रमाण अनुकूल झालं, की पुढं रचणाऱ्याची गरज नाही. मीठ जसं आपोआप खड्यात बसतं तसे हे रेणू जागेवर बसतात, आणि बसल्यावर बसून राहायला त्यांना काहीच खर्च येत नाही.

हे वाचून मी अस्वस्थ झाले, कारण आम्हाला शिकवलं होतं त्याच्या हे विरुद्ध जातं. एर्विन श्रोडिंजरनं १९४३ मध्ये डब्लिनला दिलेल्या व्याख्यानांत जीव म्हणजे काय ते सांगताना म्हटलं होतं की सजीव सतत बाहेरून सुव्यवस्था ओढून घेऊन स्वतःची घडी टिकवतो. ही ओढाताण थांबली की मरण. दगड, मीठ, साखरेचा खडा यांची घडी थांबलेली असते, आपली चालती. मग स्फटिक झालेला जिवाणू कुठल्या बाजूचा? तो खात नाही, वाढत नाही, दुरुस्ती करत नाही. त्याची घडी आता मिठाच्या खड्याच्या जातीची आहे. आणि तरीही ती मोडली की आतून ई. कोलायच निघतो, सुटा खडा नव्हे. श्रोडिंजरनं आनुवंशिकतेच्या रेणूला पुन्हापुन्हा न येणाऱ्या नक्षीचा स्फटिक म्हटलं होतं. त्या पुन्हा न येणाऱ्या नक्षीच्या स्फटिकाला वेळप्रसंगी खऱ्याखुऱ्या, एकसुरी स्फटिकाच्या आश्रयाला जावं लागतं, हे त्याला कळलं असतं तर तो बहुधा हसला असता.

आमच्या भागाबद्दल बोलताना बाहेरची माणसं एक वाक्य हमखास टाकतात, दुष्काळानं इथली माणसं चिवट केलीत. वाक्य प्रेमानंच म्हटलेलं असतं, पण मला ते कधी गोड लागलं नाही. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांनाच दुसऱ्याच्या चिवटपणाचं कौतुक परवडतं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायका आमच्या घरात होत्या. त्यांच्या बोलण्यात चिवटपणा नसायचा, किती पाट्या, किती मजुरी आणि सुकडी किती मिळाली एवढंच असायचं. म्हणून या जिवाणूच्या स्फटिकालाही मी धैर्याची पदवी देणार नाही. तिथं धैर्य नाही, निवडही नाही. दुसरं काही करायची ताकद उरली नाही म्हणून जे आपोआप होऊ शकतं तेवढं होतं. उत्क्रांतीनं केलं असेल तर इतकंच, की आपोआप होणारी गोष्ट उपयोगाची निघेल अशा घाटाचं प्रथिन शिल्लक ठेवलं.

तो घाट बघण्यासारखा आहे. १२ सारखे तुकडे एकत्र येऊन त्याचा एक पोकळ गोळा होतो. बाहेरून व्यास सुमारे ९ नॅनोमीटर, आतली पोकळी त्याच्या निम्मी. ती पोकळी रिकामी ठेवायला नसते. भोवतीच्या लोहाचे सुटे अणू गोळ्यातल्या ठरावीक जागी पकडले जातात, पेरॉक्साइड वापरूनच त्यांचा गंज केला जातो आणि तो गंज पोकळीत भरून ठेवला जातो. एका गोळ्यात लोहाचे सुमारे ५०० अणू मावतात. म्हणजे ज्या दोन पदार्थांच्या भेटीतून डीएनएला जाळणारा तुकडा जन्मला असता, त्याच दोघांना हा गोळा परस्पर एकमेकांवर खर्च करून टाकतो. वर स्वतः डीएनएच्या अंगावर जाऊन बसतो. आडोसा आणि आग विझवणं ही दोन कामं एकाच प्रथिनानं उचललेली आहेत.

ही दोन कामं वेगळी करून दाखवली ती आपल्या शेजारी, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. दीपंकर चॅटर्जी यांच्या गटानं क्षयाच्या जंतूचा निरुपद्रवी चुलतभाऊ, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस, हाताशी धरला. त्यातलं डीपीएस दोन रूपांत सापडतं, तीन तुकड्यांचं आणि बारा तुकड्यांचं. तिघांचा गट लोहाचा बंदोबस्त करतो पण डीएनएला चिकटत नाही. बाराही जण एकत्र आले की दोन्ही जमतं. हे २००३ मध्ये छापून आलं, आणि पुढच्याच वर्षी एम. विजयन यांच्या सोबतीनं त्यांनी त्या रेणूची क्ष-किरणांनी काढलेली रचनाही मांडली. इथून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी बेंगळुरू येतं, पण आमच्या पाठ्यपुस्तकांना तेवढा प्रवासही बरीच वर्षं जमला नव्हता.

स्फटिकात बंद झालेला डीएनए वाचता येत नसणार, असं सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं. मलाही ते पटलेलं होतं. कडीकुलूप घातल्यावर घरातलं सामान वापरता येत नाही, हा त्या सुरक्षिततेचा मोबदला. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे तपासून पाहिलं आणि उत्तर वेगळंच आलं. डीपीएसनं डीएनए आवळून धरला तरी त्यावरून आरएनए उतरवून घेणारं विकर, म्हणजे पेशीचं स्वतःचं वाचणारं यंत्र, जवळजवळ पूर्वीसारखंच आत शिरून काम करत होतं. डीएनए कापणाऱ्या विकरांना मात्र शिरकाव मिळत नव्हता. एकाच घट्ट गर्दीतून एकाला वाट मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, हे नेमकं कसं, यावर अजून चर्चा चालू आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर या एका निकालानं ते रेघांचं चित्र पुन्हा जिवंत झालं. दगड असता तर त्यानं कुणालाच आत घेतलं नसतं.

आणि सगळेच स्फटिक होत नाहीत. मॉस्कोच्या संशोधकांनी महिनोन् महिने उपाशी ठेवलेल्या ई. कोलायच्या पेशी एकेक करून तपासल्या, तेव्हा काहींत रेखीव स्फटिक दिसला, काहींत द्रव आणि घन यांच्या मधली लवचीक रचना, तर काहींत डीएनए डीपीएसच्या गोळ्यांभोवती गुंडाळल्यासारखा. एकाच बाटलीतले, एकाच वंशाचे, एकच भूक सोसलेले. तरी प्रत्येकानं आपापल्या परीनं निभावलं. छापील आकृतीत एकच सुबक पेशी काढतात, आणि ती सगळ्यांची प्रतिनिधी आहे असं वाचणाऱ्याला वाटत राहतं.

भूक आणि ताण यांतून डीएनए वाचवण्याची ही एकच तऱ्हा नव्हे. आमच्याकडं मृगाच्या आधी जनावरांना फऱ्याची लस टोचून घेतात. फऱ्याचा जंतू क्लॉस्ट्रिडियम घराण्यातला. तो बीजाणू करून जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतो आणि पावसाळ्यात चरताना धडधाकट खोंडाच्या पोटात जातो. मग मागचा पुठ्ठा सुजतो, दाबला की कातडीखाली चरचर आवाज येतो आणि एखाद्या दिवसात जनावर जातं. बीजाणूत डीएनएची व्यवस्था निराळी असते. गाभ्यातलं पाणी काढून टाकलेलं, कॅल्शियमसह डायपिकोलिनिक आम्ल भरलेलं, आणि छोट्या प्रथिनांनी डीएनएला सगळीकडून लपेटून त्याचा पीळच थोडा बदललेला. अमेरिकेत पीटर सेटलो यांनी त्यावर उभी हयात घातली. वर जाड कवच. हा थाटमाट ई. कोलायला जमत नाही. त्याला बीजाणू करता येत नाहीत, म्हणून त्याचं सगळं आतल्या आत.

डायनोकॉकस रेडिओड्युरान्सची गोष्ट आणखी निराळी. १९५६ मध्ये अमेरिकेत किरणोत्सर्गानं निर्जंतुक केलेल्या मांसाचे डबे नासले तेव्हा तो सापडला. माणसाला पाच ग्रे मात्रा जिवावर बेतते. हा ५,००० पचवतो. २००३ मध्ये मिन्स्कींच्याच गटानं दाखवलं की त्याचा डीएनए घट्ट कड्यासारखा वळलेला असतो, आणि तुटलेली टोकं दूर भटकू नयेत म्हणून हे कडं उपयोगी पडत असेल असं सुचवलं. दुसऱ्या मतप्रवाहाचं म्हणणं असं की कड्यापेक्षा त्याच्या पोटातल्या मँगनीजचं महत्त्व मोठं, कारण त्यामुळं दुरुस्ती करणारी प्रथिनं शाबूत राहतात. वाद मिटलेला नाही. इकडं ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात श्रीकुमार आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वादात न अडकता या जिवाणूत परकं जनुक घालून त्याला द्रावणातलं युरेनियम साक्यासारखं खाली बसवायला शिकवलं. मला ही अस्सल मुंबईकर वृत्ती वाटते: कसा जगतोस ते नंतर सांग, आधी कामाला लाग.

मी स्वतः पाहिलेला जिवाणू मात्र साधा ई. कोलायच होता. कॉलेजात विभागाची कपाटं आवरताना रसायनांच्या बरण्यांमागं एक जुना स्लँट सापडला. काचनळीत तिरपा ओतलेला अगार सुकून चामड्याच्या पट्टीसारखा झालेला, कापसाचा बोळा पिवळा पडलेला, चिठ्ठीवरची शाई उडून नुसतं ‘ई’ उरलेलं. मी तो फेकायच्या ट्रेमध्ये टाकत होते. मॅडम म्हणाल्या, “थांब गं, टाकू नकोस. उठतंय का बघ आधी.” मी नळीत थोडा ताजा ब्रॉथ सोडला, लूप लाल करून निववला, पट्टी खरवडली आणि नळी इनक्युबेटरमध्ये ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी ब्रॉथ नितळ. त्याच्या दुसऱ्या दिवशी नळी हलवली तर तळातून धुराच्या वेटोळ्यासारखं गढूळ काहीतरी वर आलं. ईएमबी अगारवर रेघ ओढली, आणि सकाळी ताटली उघडून उजेडाकडं तिरपी धरली तर माशीच्या पाठीवर असते तशी हिरवी, धातूची झाक मारणाऱ्या वसाहती. ई. कोलायची ओळखच ती.

तो पहिला नितळ दिवस तेव्हा मला वाया गेल्यासारखा वाटला होता. पुस्तकात त्याला नुसता विलंबाचा काळ म्हणतात आणि आलेखात एक आडवी रेघ काढून मोकळे होतात. त्या आडव्या रेघेत काय काय चाललेलं असतं ते नंतर वाचलं. अन्न मिळालं की नवं डीपीएस बनणं थांबतं. असलेल्याची विल्हेवाट लावायला क्लपएक्सपी नावाचं प्रथिनं कुरतडणारं यंत्र आहे. ते एकेक रेणू ओढून त्याचे तुकडे करतं. पेशी दुप्पट होऊ लागली की उरलेलं डीपीएस लेकींमध्ये वाटलं जात पातळ होतं. भरभराटीच्या काळातली दुसरी प्रथिनं डीएनएवर पुन्हा जागा घेतात आणि रेघा विस्कटून तो जुना बिनकाठाचा डाग परत येतो. रांग लागायला ऊर्जा लागली नव्हती. ती मोडायला लागते.

गेल्या उन्हाळ्यात सांगोल्याला मामेभावाकडं गेले होते. त्याची डाळिंबाची बाग तेव्हा ताणावर सोडलेली होती. मृग बहार धरायचा तर आधी काही आठवडे पाणी तोडतात, झाड पिवळं पडू देतात, इथ्रेल फवारून उरलीसुरली पानं झाडून घेतात, छाटणी करतात, आणि मग पाणी सोडलं की उपाशी झाड एकदम अंगभर फुलतं. फांद्यांचे नुसते खराटे उभे होते. खाली पाचोळ्याचा थर, आणि त्यातल्या पुष्कळ पानांवर तेलाचा थेंब सांडावा तसे ठिपके. तेल्या. झँथोमोनास जातीचा हा जिवाणू पानावर ठिपका पाडतो आणि फळ इंग्रजी एल किंवा वायच्या आकारात तडकवतो. तडकलेल्या फळाला बाजारात कुत्रं विचारत नाही. २००५ पासून सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्यांच्या सल्ल्याप्रमाणं भाऊ पाचोळा गोळा करून जाळत होता, बोर्डो मारत होता, जमिनीवर धुरळायला ब्लीचिंग पावडरची गोणी आणून ठेवली होती.

“ताई, ह्या पानाला आता ना ओल ना रस,” एक पान चुरगाळत तो म्हणाला. “ह्यात बसून ते खातं तरी काय?”

“काही नाही. उपाशी असतं.”

“मग मरत का नाही?”

मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. उपास सुरू झाला की बहुतेक जिवाणू आपली बांधाबांध करतात, डीपीएसचे भाईबंद त्यांच्यात पुष्कळांकडं असतात, आणि उपाशी जिवाणू नुसता तगतो एवढंच नाही, तर उन्हाला, आम्लाला, जाळणाऱ्या औषधाला खात्यापित्यापेक्षा कमी दाद देतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे आम्ही झाड उपाशी ठिवतो फुलावं म्हणून, आन् त्याच्याबरोबर हे बी टणक हुतंय.”

“तसंच म्हण.”

“मग काय, आधी जेवायला घालून मारायचं?”

त्यानं थट्टेत विचारलं होतं, पण १८७७ मध्ये जॉन टिंडल यानं अगदी तेच केलं होतं. गवताचा काढा कितीही उकळला तरी बीजाणू मरेनात, तेव्हा त्यानं एकदा उकळून काढा तसाच ठेवला, बीजाणूंना अंकुर फुटू दिले, कोवळ्या अवस्थेत पुन्हा उकळलं, आणि मग आणखी एकदा. प्रयोगशाळांत ही रीत अजून वापरतात. हे सांगितल्यावर त्याचे डोळे चमकले.

“किती दिवस लागतात?”

“तीन.”

“बाटलीत?”

“बाटलीत.”

“इथं साडेचार एकर हाय,” तो म्हणाला, आणि तोंडाला गमछा बांधून ब्लीचिंगची गोणी फोडायला बसला.